क्लास नसताना एनएसईपीची तयारी: सुटलेल्या गणितापाशी अजून दहा मिनिटं थांबा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की लेक यंदा अकरावी सायन्सला गेली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता स्टेट बोर्ड, राहता तालुक्याच्या गावी, जवळपास ऑलिम्पियाडचा क्लास नाही, तिला शहरात हॉस्टेलला ठेवायची तुमची तयारी नाही, पण तिला फिजिक्स ऑलिम्पियाडच्या पहिल्या परीक्षेला बसायचंच आहे, तर घरी बसून तयारी होते का आणि मुळात करावी का. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, अठरा वर्षं झाली, आमच्याकडे या परीक्षेचं सेंटर असतं आणि दरवर्षी चार-पाच मुलं तयारीला माझ्याकडे येऊन बसतात, त्या अनुभवावर सांगतो. करावी. नक्की करावी, आणि घरी बसून होते.

आधी तुमच्यासाठी परीक्षेचं चित्र सांगतो. ही परीक्षा म्हणजे एनएसईपी, ती आयएपीटी घेते, म्हणजे फिजिक्सच्या शिक्षकांची देशभरातली संघटना, १९८४ साली सुरू झालेली. परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटाला असते आणि नावनोंदणी ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन सप्टेंबरात संपते, तेव्हा ती तारीख तुम्ही तुमच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा कारण गावाकडची हुशार मुलं बसत नाहीत याचं पहिलं कारण हेच असतं, कुणी वेळेत सांगितलंच नाही. त्यापुढची पायरी आयएनपीएचओ, मुलं तिला इन्फो म्हणतात, ती मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेतं, तिला देशभरातून साधारण तीनशे मुलं निवडतात. त्यातून पस्तीसेक मुलं उन्हाळ्यात मानखुर्दला कॅम्पला जातात आणि शेवटी पाच जण भारताच्या टीममध्ये. ही टीम आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिम्पियाडला जाते; भारत त्या स्पर्धेत १९९८ पासून आहे, २०१५ ला ती स्पर्धा आपल्या मुंबईतच झाली होती, आणि २०१८ ला लिस्बनला आपल्या पाचही मुलांनी गोल्ड आणलं.

तीनशेत येण्याची पद्धतही समजून घ्या, कारण पालक इथेच घाबरतात. देशातल्या पहिल्या दहा मुलांच्या मार्कांची सरासरी काढतात, तिच्या ८० टक्क्यांच्या वर ज्याला मार्क आहेत तो थेट पुढे, आणि ५० टक्क्यांच्या खाली असलेला बाहेर. मधल्या मुलांमधून राज्यवार कोटा भरतात, म्हणजे प्रत्येक राज्याचा कटऑफ वेगळा लागतो. उदाहरणादाखल ती सरासरी २१६ पैकी १८० धरली तर १४४ ला थेट दार आणि ९० ला उंबरठा. म्हणजे सगळा पेपर यायला लागत नाही, दोन तृतीयांशाच्या आसपास पेपर पक्का आला तरी पुरतो. ही पद्धत बरीच वर्षं चालत आलीय, तरी त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा, बारीकसारीक नियम बदलत असतात.

आता हा फोन लेकीच्या हातात द्या, इथून पुढे तिच्याशी बोलतो.

बेटा, पहिली गोष्ट तुझ्या पुस्तकांची. हे तुला सहसा कुणी सांगणार नाही म्हणून आधी सांगतो. एनएसईपीचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे पण पेपर बघितलास तर त्याचा कल सीबीएसईच्या क्रमाकडे आहे, आणि आपल्या स्टेट बोर्डाचा क्रम वेगळा. रोटेशन, फ्लुइड्स, थर्मोडायनॅमिक्स, एसएचएम (झोक्यासारखी मागेपुढे होणारी गती) हे सगळं एनसीईआरटीत अकरावीला आहे, आपल्याकडे बारावीला. त्यामुळे तू या नोव्हेंबरला बसलीस तर निम्मा मेकॅनिक्स वर्गात झालेलाच नसणार आणि पेपर बघून तुला वाटेल की आपण मठ्ठ आहोत, तर तसं काही नसतं, तो धडा तुला अजून कुणी शिकवलेलाच नसतो. उपाय सोपा आहे, एनसीईआरटीची अकरावीची दोन्ही पुस्तकं फुकट डाउनलोड होतात, ती उतरवून घे आणि आत्ता जूनपासून नोव्हेंबरपर्यंत एवढंच ध्येय ठेव: न्यूटनचे नियम, एनर्जी-मोमेंटम, रोटेशन, ग्रॅव्हिटेशन, फ्लुइड्स, एसएचएम. बाकी सगळं राहू दे. यंदाचा पेपर हा पेपर कसा असतो ते बघायला द्यायचा, खरा पुढच्या वर्षी. पण यंदाचा द्यायचाच, कारण १२० मिनिटांत ६० प्रश्न म्हणजे काय हे हॉलमध्ये बसल्याशिवाय कळत नाही.

भाषेचं टेन्शन घेऊ नकोस. संवेगाला मोमेंटम आणि त्वरणाला अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात हे दोन महिन्यांत अंगवळणी पडतं, वहीच्या शेवटच्या पानावर यादी करत जा. विचार मात्र मराठीतच कर. मी बघितलंय, इंग्रजीत विचार करायच्या नादात मुलं प्रश्नातलं चित्रच बघत नाहीत, शब्द बघत बसतात.

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीची काही वर्षं मी मुलांना गणितांचे गठ्ठे द्यायचो, रोज चाळीस, रोज पन्नास, मला वाटायचं जितकी जास्त तितकं चांगलं. एक मुलगा होता, दीड वर्षात त्याने तीन जाडजूड पुस्तकं संपवली, खरंच संपवली, आणि एनएसईपीत त्याला जेमतेम मार्क पडले. पेपर घेऊन आम्ही दोघं बसलो तेव्हा कळलं की त्याला ज्या प्रश्नांची सवय होती ते सगळे बरोबर होते आणि ज्यात जरा काही वेगळं विचारलं होतं ते सगळे गेले. चूक त्याची नव्हती, माझी होती. तेव्हापासून मी सांगतो, रोज पाचच गणितं कर, पण उत्तर आलं की वही मिटू नकोस, त्या गणितापाशी अजून दहा मिनिटं बस. उत्तर जुळलं म्हणून पुढे जायचं ही बोर्डाची सवय झाली. ऑलिम्पियाडचा अभ्यास उत्तर आल्यावर सुरू होतो.

त्या दहा मिनिटांत काय करायचं ते दाखवतो. पुलीवरून दोरी, एका टोकाला लहान वस्तुमान, दुसऱ्याला मोठं. दोरीतला ताण येतो दोन गुणिले लहान गुणिले मोठं गुणिले जी (पृथ्वीच्या ओढीने येणारं त्वरण), भागिले दोघांची बेरीज. हे तुला पाठ असेल. आता त्याला प्रश्न विचार. दोन्ही वस्तुमानं सारखी केली तर? सूत्रातून लहानाचं वजन येतं, बरोबर, कारण काही हलतच नाही. लहान शून्य केलं तर? ताण शून्य, बरोबर, मोकळी दोरी कुणाला ओढणार. आता मोठं वस्तुमान प्रचंड वाढव, डोंगराएवढं. ताण किती? पहिल्यांदा सगळी मुलं म्हणतात तोही प्रचंड होईल. सूत्र म्हणतं नाही, लहानाच्या वजनाच्या दुप्पट, त्याच्या वर जातच नाही. का? इथे थांबून विचार कर, पुढे वाचू नकोस. डोंगर जवळपास मोकळाच खाली पडतोय, जी ने, म्हणजे लहान वस्तुमान जी ने वर जातंय, त्याला वर न्यायला त्याचं वजन तर पेलायचंच आणि वर तेवढंच अजून लावायचं. म्हणून दुप्पट. हे एकदा आतून कळलं की सूत्र विसरलीस तरी चालतं. आणि पेपरात याचा थेट फायदा होतो, कारण चार ऑप्शन असतात, त्यातले दोन असेच सारखी वस्तुमानं टाकून उडतात, तिसरा शून्य टाकून उडतो, आणि गणित न करता उत्तर हातात राहतं. एककं बघूनसुद्धा कितीतरी ऑप्शन उडतात, वेळ विचारलाय आणि ऑप्शनची एककं सेकंदाची येत नाहीत, असं खूपदा होतं.

दुसरी सवय म्हणजे गणित मोडून बघायचं. ग्लासात पाणी, पाण्यावर बर्फ तरंगतोय, बर्फ वितळला की पातळी काय होते? तीच राहते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आता बर्फात एक खडा अडकलाय असं धर. मग? आणि खड्याऐवजी बुचाचा तुकडा असेल तर? आणि खाली साधं पाणी नसून मिठाचं असेल तर? तिन्हीचं उत्तर वेगळं विचार करून काढ. खडा असेल तर पातळी खाली जाते, कारण तरंगताना तो स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारत होता आणि बुडाल्यावर फक्त स्वतःच्या आकारमानाएवढं सारतो, जे कमी आहे. बूच असेल तर पातळी तीच, कारण बर्फ गेला तरी ते तरंगतच राहतं. मिठाच्या पाण्यात पातळी वर येते. आता या चार ओळी चार ऑप्शन म्हणून लिही, यातले बरोबर कोणते ते ओळखा, झाला एनएसईपीच्या दुसऱ्या भागातला प्रश्न तयार. माझ्याकडची मुलं दर रविवारी एकमेकांना असे प्रश्न बनवून देतात. प्रश्न बनवता आला की समजायचं धडा झाला.

पेपरची रचना अशी की पहिले ४८ प्रश्न एकच उत्तर बरोबर असलेले, बरोबरला ३, चुकीला १ वजा. पुढचे १२ प्रश्न एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असू शकणारे, सगळी नेमकी भरलीस तर ६, नाहीतर शून्य, वजा काही नाही. याचा हिशोब आधीच डोक्यात पक्का कर. पहिल्या भागात डोळे मिटून ठोकलंस तर चारात एकदा ३ मिळणार आणि तीनदा १ जाणार, म्हणजे शेवटी हातात शून्य, नुसता वेळ गेला. पण एक ऑप्शन नक्की चूक आहे हे कळलं तर उरलेल्या तिनात अंदाज लावणं फायद्याचं, दोन उडवले तर सरळ लावायचं. म्हणून ती दहा मिनिटांची सवय. आणि दुसऱ्या भागातला एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, तिथे जातंय काय. या १२ प्रश्नांचे ७२ मार्क असतात, म्हणजे एकूण मार्कांचा तिसरा हिस्सा, आणि मुलं तिथे पोचतात तेव्हा शेवटची पंधरा मिनिटं उरलेली असतात. आमच्या एका मुलीने मागून सुरुवात केली होती, आधी १२ मग ४८, तिला ते मानवलं. तू जुन्या पेपरवर दोन्ही करून बघ, जे जमेल ते. उत्तरपत्रिकेवरचे गोल भरायला मात्र शेवटची दहा मिनिटं ठेवू नकोस, पाच-सहा प्रश्न झाले की भरत जा.

आता पुस्तकं कुठली ते सांगतो. एनसीईआरटी झालं की एच. सी. वर्मांच्या फिजिक्सच्या पुस्तकाचे दोन भाग, पण त्यातल्या मागच्या गणितांआधी येणारे छोटे प्रश्न, ज्यात आकडेमोड नसते, ते आधी कर. मुलं ते सोडून थेट गणितांवर उडी मारतात आणि तिथेच हुकतात. इरोडोवचं अवघड गणितांचं पुस्तक लगेच उघडू नकोस, सगळे सांगतात म्हणून मुलं घेतात आणि पहिल्या दहा गणितांत हात टेकतात, बारावीच्या सुरुवातीला निवडक कर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुने पेपर, आणि होमी भाभा केंद्राच्या वेबसाइटवर इन्फोचे जुने पेपर उत्तरांसकट फुकट ठेवलेले आहेत. ते पुढच्या पायरीचे म्हणून घाबरू नकोस, आठवड्याला एकच प्रश्न घे आणि आठवडाभर तोच डोक्यात फिरू दे, भाकरी करताना, एसटीत. त्याचं उत्तर आलं नाही तरी चालेल, पण उत्तर बघायच्या आधी निदान चार पानं खरडलेली पाहिजेत. इन्फोला ऑप्शन नसतात, तीन तासांचा लेखी पेपर असतो, पायऱ्यांना मार्क असतात, त्यामुळे आत्तापासून नीट लिहायची सवय लावून घे: आकृती, कुठली अक्षं घेतली, काय गृहीत धरलं, मग समीकरण.

आता प्रयोग. याकडे कुणी बघत नाही, एनएसईपीत ग्राफ आणि एररवर, म्हणजे मोजमापातल्या चुकीवर, प्रश्न येतातच, आणि अगदी वर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एक अख्खा पाच तासांचा पेपर प्रयोगाचा असतो. तुझ्याकडे लॅब नाही ना? मग घरातलं कुलूप घे. खरंच. सुतळीला कुलूप बांध, दाराच्या चौकटीला टांग, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर झोके मोज (जाऊन परत आलं की एक झोका). एक झोका मोजलास तर बटण दाबण्यातली चूक, समज ०.२ सेकंद, दोन सेकंदांत १० टक्के होते, आणि जी काढताना वेळेचा वर्ग असल्यामुळे २० टक्के. वीस झोके मोजलेस तर तीच ०.२ सेकंदाची चूक चाळीस सेकंदांत अर्धा टक्का, जी मध्ये एक टक्का. फुकटात वीसपट सुधारणा.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने हाच प्रयोग करून मला वही दाखवली. सुतळी ४० सेंटिमीटर असताना २० झोक्यांना २६.६ सेकंद, १ मीटर असताना ४०.९ सेकंद. तिने जी काढला तर पहिल्यातून आला ८.९, दुसऱ्यातून ९.४. ती रडकुंडीला आली होती, सर माझा प्रयोग चुकला. मी म्हटलं चुकला नाही, दोन्ही आकडे कमीच का आलेत आणि आखूड सुतळीला जास्त कमी का आलाय ते सांग. दोन दिवस ती विचार करत होती. मग तिच्या लक्षात आलं की लांबी तिने गाठीपर्यंत मोजलीय, आणि कुलपाचं वजन तर गाठीच्या खाली आहे, किती खाली ते माहीत नाही, पण जेवढं आहे तेवढं दोन्हीकडे सारखंच आहे. म्हणजे मधल्या लांब्यांचीही रीडिंग घ्यायची आणि टी स्क्वेअर (एका झोक्याच्या वेळेचा वर्ग) विरुद्ध सुतळीची लांबी असा ग्राफ काढायचा. रेष सरळ आली पण ओरिजिनमधून गेली नाही. स्लोपमधून जी आला ९.८, आणि रेष मागे वाढवली तर ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या ४ सेंटिमीटर डावीकडे कापते, म्हणजे कुलपाचा गुरुत्वमध्य गाठीखाली ४ सेंटिमीटर. जी तर मिळालाच, वर कुलपाचा गुरुत्वमध्यही मिळाला, कुलूप न कापता. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुठल्या निकालाच्या दिवशी बघितलं नाही. ती त्या वर्षी इन्फोला गेली नाही, थोडक्यात राहिली, पण पुढे तिने फिजिक्सच घेतलं.

तू हे करच, पण तिचे आकडे वापरू नकोस, तुझ्या कुलपाचे काढ. निदान पाच लांब्या घे, प्रत्येक लांबीला तीनदा मोज, झोका लहान ठेव, आणि कुलूप झुलायच्या ऐवजी गरगरायला लागलं, तर ते रीडिंग टाकून दे. ग्राफ पेपरावर पेन्सिलीने काढ, मोबाइलवर नको, कारण रेष कुठून ओढायची हे हाताने ठरवावं लागतं तेव्हाच कळतं की कुठलं रीडिंग बिघडलंय.

ताई, तुमच्यासाठी दोनच गोष्टी. मुलींना दुसऱ्या गावच्या सेंटरला पाठवायला घरचे कचरतात आणि त्या पायी नाव नोंदवायचंच राहतं, हे मी दरवर्षी बघतो. परीक्षा एका दिवसाची आहे, तुम्ही सोबत या. आणि तिच्या कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांना किंवा मॅडमना आत्ताच भेटा, जवळचं सेंटर कुठलं ते त्यांच्याकडून काढून घ्या, आणि मुलं पुरेशी असतील तर तुमच्या कॉलेजातच सेंटर घेता येतं का तेही त्यांना बघायला सांगा. जेईई-सीईटीचं काय होणार असं तुम्ही शेवटी लिहिलंय, तर मेकॅनिक्स असा झाला की त्या परीक्षांचाही मोठा भाग झालेला असतो, फक्त बारावीच्या डिसेंबरनंतर केमिस्ट्री आणि मॅथ्सला वेळ वाढवायला लागेल, तेव्हा फिजिक्स थोडं मागे ठेवा.

आणि बेटा, रोटेशन तू एकटीने वाचशील तेव्हा उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्यापाशी अडशील, घर्षण कुठल्या दिशेला हे काही केल्या कळणार नाही. एक बांगडी आणि एक बॅटरीचा सेल घे, पाटावर उतार कर, दोन्ही एकदम सोड आणि कोण आधी पोचतं बघ. मग वही घेऊन बस, आणि घर्षण काढून टाकलं तर कोण आधी पोचेल ते लिहून मला पाठव. कारणासकट.